कूपरस्टाउनचं ग्रंथालय : साक्ष, नोंद आणि न सापडलेला कागद

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. आप्त कोणाला म्हणायचं? ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि ती तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असं नैयायिक म्हणतात. व्याख्या सुटसुटीत आहे. पण समोर बोलणारा माणूस आप्त आहे की नाही, हे ओळखायचं कसं? यासाठी आज जरा लांबचं उदाहरण घेऊ. अमेरिकेत बेसबॉल या खेळाच्या इतिहासाला वाहिलेलं एक संशोधन-ग्रंथालय आहे, त्याचं. बेसबॉल आपल्यापैकी बहुतेकांनी सिनेमातच पाहिलेला असणार. हरकत नाही, खेळाचे नियम आज लागणार नाहीत.

न्यूयॉर्क राज्यात, पण न्यूयॉर्क शहरापासून बरंच दूर, ओटसेगो तळ्याच्या काठी कूपरस्टाउन नावाचं छोटं गाव आहे. तिथे १२ जून १९३९ रोजी नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेमचं उद्घाटन झालं. त्याच्याच पोटात हे ग्रंथालय वाढलं आणि १९६८ मध्ये त्याला स्वतःची इमारत मिळाली. सुमारे तीस लाख कागद, अडीच लाखांच्या आसपास छायाचित्रं, आणि मोठ्या लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र फाइल. कीर्तिवंतांच्याच नव्हे बरं का, एकच सामना खेळून घरी गेलेल्याचीसुद्धा! तिथल्या वाचनदालनाला बार्ट जियामाती यांचं नाव आहे. हे गृहस्थ येल विद्यापीठात युरोपीय प्रबोधनकाळातल्या साहित्याचे प्राध्यापक, मग तिथलेच अध्यक्ष, आणि शेवटी बेसबॉलचे आयुक्त. प्राध्यापकांना असंही निवृत्तीपूर्व काम मिळू शकतं, हे वाचून आम्हांला थोडा हेवा वाटला.

पण हे सगळं कूपरस्टाउनलाच का? इथे आपला प्रश्न सुरू होतो.

बेसबॉल इंग्लंडातल्या राउंडर्स या खेळातून आला, असं हेन्री चॅडविक म्हणत. ते स्वतः जन्माने इंग्रज आणि बेसबॉलवर लिहिणारे पहिल्या पिढीतले नामवंत पत्रकार. अल्बर्ट स्पॉल्डिंग हे आधी खेळाडू, पुढे क्रीडासाहित्याचे मोठे व्यापारी. त्यांना हे मुळीच रुचेना. आपला राष्ट्रीय खेळ परक्याचा कसा असेल? १९०५ साली एक समिती नेमली गेली. अध्यक्ष अब्राहम मिल्स. लोकांनी माहिती कळवावी असं आवाहन झालं, आणि डेन्व्हरहून अॅबनर ग्रेव्हज नावाच्या खाण अभियंत्याचं पत्र आलं. कूपरस्टाउनमध्ये अॅबनर डबलडे याने हा खेळ शोधला, मातीत काठीने मैदानाची आकृती काढून दाखवली, असं त्या पत्रात होतं. समितीने तो प्रसंग १८३९ चा धरला, आणि ३० डिसेंबर १९०७ च्या अहवालात मिल्स यांनी हीच कथा ग्राह्य मानली.

आता आप्ताची कसोटी लावून बघा. १८३९ साली ग्रेव्हज पाच वर्षांचा होता. सांगतोय सहासष्ट वर्षांनी. दुसरा साक्षीदार नाही. स्वतः डबलडे १८९३ लाच वारलेला. आणि १८३९ मध्ये तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कॅडेट होता! मिल्स यांची तर डबलडेशी ओळख होती. आपल्या मित्राने एवढा मोठा शोध लावला आणि आपल्याला कधी बोलला नाही, हे त्यांना खटकायला हवं होतं. खटकलं नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं होतं. ग्रेव्हज खोटं बोलत होता असं म्हणायची गरज नाही. त्याची सांगण्याची इच्छा शुद्ध असेलही, पण आप्ताच्या व्याख्येत दोन अटी आहेत, एक नव्हे.

पुढचा भाग तर खास बखरीत शोभेल असा. १९३५ च्या सुमारास कूपरस्टाउनजवळच्या एका शेतघरात, जुन्या पेटीत एक फाटका चेंडू सापडला. सिंगर शिवणयंत्रांच्या संपत्तीचे वारसदार स्टीफन क्लार्क यांनी तो पाच डॉलरला घेतला. ‘डबलडेचा चेंडू’ म्हणून तो मांडला गेला, आणि त्याभोवती संग्रहालय उभं राहिलं. १९३९ ला शताब्दी साजरी झाली, टपाल तिकीट निघालं.

त्याच वर्षी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातले एक ग्रंथपाल, रॉबर्ट हेंडरसन, शांतपणे जुनी इंग्रजी पुस्तकं चाळत होते. १७४४ सालच्या जॉन न्यूबेरीच्या मुलांच्या पुस्तकात ‘बेस-बॉल’ हा शब्द चित्रासह होता. हेंडरसन यांचा लेख १९३९ मध्ये आला, पुस्तक १९४७ मध्ये. आणि २००४ साली इतिहासकार जॉन थॉर्न यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्ड गावाचा १७९१ चा एक ठराव उजेडात आणला. नव्या सभागृहाच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून त्याच्या आसपास बेसबॉल खेळायला बंदी! कोणी ‘शोध’ लावायच्या अठ्ठेचाळीस वर्षं आधी पोरं काचा फोडत होती. आम्हांला हा कागद फार आवडतो. खेळाचा इतिहास लिहावा म्हणून तो कोणी लिहिलेला नाही, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. राजवाडे बखरींपेक्षा अस्सल पत्रांना मोल देत, ते याचसाठी.

गंमत अशी, की मिल्स समितीचा पत्रव्यवहार आज याच कूपरस्टाउनच्या ग्रंथालयात आहे. ज्या कथेपायी संस्था इथे आली, ती कथा तपासायचे कागद संस्थाच जपते.

बरं, मग कागद म्हणजे सत्य का? तसंही नाही. लीगच्या अधिकृत दैनंदिन नोंदी या ग्रंथालयात मिळतात. टाय कॉब या महान फलंदाजाच्या १९१० सालच्या नोंदीत एक सामना दोनदा धरला गेला होता. पीट पामर या आकडेशास्त्राच्या अभ्यासकाने हे शोधलं, १९८१ मध्ये ते छापून आलं. त्या सामन्यातले दोन हिट वजा केले की कॉबचे एकूण ४१९१ चे ४१८९ होतात. आयुक्तांनी दुरुस्ती नाकारली. त्यामुळे ११ सप्टेंबर १९८५ ला पीट रोझने ४१९२ वा हिट मारला तेव्हा विक्रम मोडल्याचा जल्लोष झाला. दुरुस्त आकडा धरला तर विक्रम तीन दिवस आधीच, ४१९० व्या हिटला मोडला होता. ‘अधिकृत’ आणि ‘खरं’ हे दोन वेगळे शब्द का आहेत, ते इथे कळतं.

आता सर्वांत अवघड भाग, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. कागदच नसेल तर?

भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळतं. पण अट आहे : घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. डबलडेने आयुष्यात पुष्कळ लिहिलं, पण या शोधाचा दावा कुठेच केला नाही. तिथे उजेड होता, म्हणून ते मौन पुरावा ठरतं.

कृष्णवर्णीय खेळाडूंचं तसं नव्हतं. १९४७ ला जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत विसाव्या शतकात त्यांना मोठ्या लीगचं दार बंद होतं. ते आपल्या निग्रो लीगमध्ये खेळत. गोऱ्यांची वर्तमानपत्रं या सामन्यांकडे फारसं बघत नसत. पुढे लोक म्हणत, ‘ते थोर असतीलही, पण आकडे कुठे आहेत?’ खोलीत दिवा लावायचा नाही आणि घट दिसत नाही म्हणायचं! ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ अशा कृष्णवर्णीयांच्या पत्रांतून, स्थानिक अंकांतून संशोधकांनी वर्षानुवर्षं धावपत्रकं गोळा केली. २००६ मध्ये कूपरस्टाउनने अशा संशोधनाच्या आधारे त्या काळातल्या सतरा जणांना एकदम हॉलमध्ये घेतलं. त्यांत संघाच्या मालकीण एफा मॅनली होत्या, हॉलमध्ये आलेल्या पहिल्या स्त्री. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या सात लीगना मोठ्या लीगचा दर्जा मिळाला, आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले. त्या दिवशी कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबच्या .३६७ च्या वर एक नाव चढलं : जॉश गिब्सन, .३७२. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला होता. रॉबिन्सन मैदानात उतरला तो एप्रिलमध्ये.

आकडे अजून पुरे नाहीत. धावपत्रकं सापडतील तशी गिब्सनची सरासरी वरखाली होत राहील, आणि कोणीतरी पुन्हा विचारेल की बदलता आकडा विक्रम कसा? कॉबचाही आकडा चुकीचाच आहे, एवढं त्याला सांगता येईल. अनुपलब्धीला प्रभाकर वेगळं प्रमाण मानत नाहीत, त्यांची बाजू पुढच्या वेळी घेऊ.