वरच्या जबड्यातील अस्थिरोपण

दात काढला की प्रश्न मिटला, असा समज यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतही आढळतो. परंतु दात गेल्यावर त्याला आधार देणारे हाड झिजू लागते. वरच्या जबड्यात दाढांवरील हवेची पोकळीही खाली विस्तारते. परिणामी कृत्रिम दाताचे मूळ म्हणून टायटॅनियमचा स्क्रू बसविण्यास हाड अपुरे पडते. अशा वेळी पोकळीचे नाजूक अस्तर अलगद उचलून त्याखाली हाडाचे कण भरतात. बॉइन व जेम्स या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९८० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. नवे हाड तयार होण्यास अनेक महिने लागतात. खर्रा, बिडी व अनियंत्रित मधुमेह त्यात अडथळा आणतात. म्हणून दात काढतानाच पुढील उपचारांबाबत दंतवैद्याचा अथवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचा सल्ला घ्यावा, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावोगावी पटवून द्यावे.