उरलेल्या रविवारचा युरोप

मानहाइम, जर्मनी

नागोठण्याचा मनुष्य कारखान्याच्या कामानिमित्त युरोपास निघाला, की त्याच्या कामाविषयी कोणी चकार शब्द विचारीत नाही. काम आटोपल्यावर उरणाऱ्या दोन-तीन दिवसांची विल्हेवाट मात्र सारे आप्तेष्ट त्याच्या वतीने परस्पर लावून टाकतात. एकाने पॅरिसचा मनोरा सुचवावा, दुसऱ्याने स्वित्झर्लंडचे बर्फ, आणि तिसऱ्याने "एवढे लांब गेलाच आहात तर रोमही उरकून या" अशी आज्ञा करावी, हा क्रम ठरलेला आहे. मानहाइमहून रोम हे नागोठण्याहून नागपूर जितके दूर आहे त्याहूनही दूर आहे, ही गोष्ट नकाशावर बोट ठेवणाऱ्या ह्या हितचिंतकांच्या ध्यानी येत नाही, आणि परतल्यावर "काय काय केलेत?" ह्या प्रश्नाच्या उत्तरादाखल देशांची यादी सादर न करणारा प्रवासी त्यांच्या लेखी फुकट गेलेला असतो.

ह्या मंडळींची दुसरी समजूत अशी, की शेंगेनचा परवाना (व्हिसा) एकदा पारपत्रावर चिकटला म्हणजे मन मानेल तितके हिंडण्याची मुभा मिळाली. वस्तुस्थिती निराळी आहे. परवान्यावर मुदतीच्या तारखा असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. पोहोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस हे दोन्ही हिशेबात धरले जातात. आणि कचेरीचे काम व हौसेची भटकंती ह्यांच्या दिवसांचा खर्च एकाच खात्यावर पडतो. तेव्हा जोडसहलीचा बेत काम संपल्यावर नव्हे, तर अर्ज भरण्यापूर्वीच पक्का झाला पाहिजे, आणि त्या दिवसांच्या मुक्कामाचे दस्तऐवजही अर्जासोबतच रुजू झाले पाहिजेत.

मात्र एवढा सोपस्कार पार पडला, की पुढे हद्द म्हणून जी काही चीज असते ती सहसा शोधूनही सापडत नाही. लक्झेंबुर्गातील मोझेल नदीकाठच्या शेंगेन नामक खेड्यात १९८५ साली झालेल्या कराराचे हे फळ. स्ट्रासबुर्गची ट्राम २०१७ पासून ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतील केल गावी जाते. भाजीची पिशवी घेतलेली फ्रेंच आजीबाई तीत बसून परराष्ट्रात बाजार करून येते, आणि ज्या नदीसाठी दोन राष्ट्रांनी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडले ती नदी खिडकीतून कधी गेली हे तिच्या गावीही नसते. आमच्या नागोठण्याच्या आसपास रोहा, पेण आणि सुधागड ह्या तीन तालुक्यांच्या हद्दी एकमेकींस भिडतात, आणि एका साध्या दाखल्यासाठी "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य मी ज्या गांभीर्याने उच्चारलेले ऐकले आहे, ते गांभीर्य मला ऱ्हाईनच्या पुलावर कोठेही आढळले नाही.

जर्मन आगगाडीवर घड्याळ लावावे, हा आणखी एक आपल्याकडचा पिढीजात समज. २०२४ साली येथील लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या. आणि गाडी सहा मिनिटांपेक्षा कमी उशिराने आली तर ती वेळेवरच आली असे रेल्वेचे खाते मानते, हे ह्या हिशेबात धरलेले आहेच! येथील सहकारी रेल्वेविषयी बोलू लागले, की दिवा-रोहा गाडीची वाट पाहत नागोठणे स्थानकावर ताटकळणाऱ्या आमच्या मंडळींचीच आठवण येते. शब्द निराळे, सूर तोच. परतीचे विमान दुसऱ्या दिवशी असताना चार गाड्या बदलून दूरचे शहर गाठण्याचा मोह का आवरावा, ह्याचे ह्याहून सबळ कारण मला देता येणार नाही.

म्हणून मी पॅरिसचा नाद सोडला आणि "जवळ काय आहे?" एवढेच येथील एका वयस्क यंत्रज्ञास विचारले. त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "हायडेलबर्ग. पाव तास लागतो. पूल पाहा."

तो पूल मी पाहिला, आणि खरे सांगायचे तर मला आनंदापेक्षा संताप अधिक आला. १७८४ च्या हिमपुरात जुना पूल वाहून गेल्यावर कार्ल थिओडोर ह्या तेथील शासकाने हा दगडी पूल उभारला, तो १७८८ साली पूर्ण झाला. १९४५ च्या मार्चमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्याच्या कमानी स्वतःच उडवल्या. आणि अन्नधान्याचे रेशन असलेल्या त्या दिवसांत नागरिकांनी वर्गणी जमवून तो १९४७ साली पुन्हा उभा केला. पुलाखालच्या नेकर नदीचे पाणी कोणत्या वर्षी कोठवर चढले, त्याच्या खुणा काठच्या घरावर कोरून ठेवल्या आहेत. पुलाच्या टोकाशी १९७९ पासून हाती आरसा धरलेले एक पोकळ डोक्याचे धातूचे माकड बसवले आहे. त्याच्या डोक्यात आपले डोके घालून छबी काढून घेण्यासाठी सुशिक्षित माणसे रांग लावतात. (वानरांची आमच्याकडेही वाण नाही, ती जिवंत असल्यामुळे त्यांचे कौतुक नसावे.)

आता नागोठण्याचा पूल घ्या. चौलच्या काझी अलाउद्दीनने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे हायडेलबर्गच्या पुलापूर्वी सुमारे दोनशे वर्षे, तो अंबा नदीवर बांधला. त्यास तीन लाख रुपये खर्च आल्याचे कुलाबा जिल्ह्याचे जुने गॅझेटियर सांगते. निजामशाही गेली, मराठे आले, इंग्रज आले आणि गेले. अंबेच्या पुराला तोंड देत तो उभाच आहे. १९८९ च्या जुलैत ह्याच अंबेच्या पुराने जांभूळपाडा गावात जो अनर्थ केला तो ज्यांनी पाहिला, त्यांच्या घरांच्या भिंतींवर पाण्याच्या किती खुणा जपल्या गेल्या आहेत, हा प्रश्न नेकरकाठी उभे राहून मनात आला, आणि त्याने ती संध्याकाळ नासली.

त्यात भर म्हणजे, ह्याच हायडेलबर्गच्या विद्यापीठात गुंथर सोंथायमर हे विद्वान अध्यापक होते. खंडोबा, बिरोबा आणि म्हसकोबा ह्यांच्या शोधात त्यांनी महाराष्ट्रातील धनगरवाडे पायी तुडवले, ओव्या ऐकल्या आणि १९७६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. एक जर्मन मनुष्य जेजुरीपर्यंत येऊन आमचे दैवत ओळखतो, आणि आम्ही आमच्या वेशीवरचा पूल ओळखीत नाही!

काही वर्षांपूर्वी एक जर्मन तंत्रज्ञ कारखान्यातील यंत्राच्या दुरुस्तीसाठी नागोठण्यास आला होता. रविवार मोकळा मिळाला तेव्हा त्यानेही हेच विचारले, "जवळ काय आहे?" आमच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, "इथे काही नाही" असा निर्वाळा दिला आणि त्यास मोटारीत घालून मुंबईतील एका वातानुकूलित बाजारपेठेकडे रवाना केले. त्याचा बहुतेक दिवस वडखळच्या नाक्यावर ट्रकांचे क्रमांक वाचण्यात गेला. सोमवारी तो सौजन्याने म्हणाला, की रस्ता फार रोचक होता.

तेव्हा युरोपास निघालेल्या वाचकांस सांगणे एवढेच, की यजमानांच्या निमंत्रणपत्राच्या तारखा पाहून जादा दिवस अर्जातच मागून घ्या, आणि पाऊण तासापलीकडचे गाव निवडू नका. आणि गावी असलेल्यांस विनंती, की कारखान्यात पुन्हा असा पाहुणा आला, तर सकाळी त्यास पुलावर न्या, मग पालीस बल्लाळेश्वराच्या दर्शनास न्या, आणि गणपतीचे दिवस जवळ असतील तर हमरापुरास मूर्तींचे कारखाने दाखवा. पावसाळा असेल तर मात्र आधी अंबेचे पाणी पाहावे, आणि मगच पुलाकडे वळावे.