पाहिलं कधी, ब्रेक दाबला कधी?

नानाखेडा बसस्टँडसमोरून संध्याकाळी स्कूटर चालवली असेल, तर गाय अचानक आडवी येणं म्हणजे काय ते सांगायला नको. मागच्या परीक्षेत, तीन रात्री जागून झाल्यावर, माझ्यासमोर अशीच एक आली. ब्रेक दाबला, पण उशिरा. गाय रवंथ करत उभी, मी रस्त्यावर! गुडघा बरा झाला, पण प्रश्न राहिला: मी तिला पाहिलं होतं, मग हात इतक्या उशिरा का हलला?

पाहणं आणि हलणं यांच्या मधल्या वेळेला प्रतिक्रियाकाळ म्हणतात. तो मोजायला घरची फूटपट्टी पुरते. मैत्रिणीने पट्टी वरच्या टोकाला उभी धरायची. शून्याची खूण तुमच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधोमध, पण बोटं टेकलेली नकोत. तिने न सांगता सोडायची, तुम्ही पकडायची. १० सेंमीवर पकडली तर सुमारे ०.१४ सेकंद, १५ वर ०.१७, २० वर ०.२०, २५ वर ०.२३. दहा वेळा करा आणि मधला आकडा घ्या. ५ सेंमीच्या आत पकडलीत तर खूश होऊ नका. तो जेमतेम ०.१ सेकंद झाला, म्हणजे तुम्ही अंदाजाने बोटं मिटलीत. शर्यतीत बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत निघालेल्याचा फाउल धरतात, तोही याच कारणाने. मोबाइलवरही चाचण्या मिळतात, पण त्यात स्क्रीनचा स्वतःचा उशीर मिसळतो. दोघांच्या फोनवरचे आकडे ताडून भांडू नका.

या उशिरापायी एकाची नोकरीसुद्धा गेली आहे. १७९६ मध्ये ग्रिनिचच्या वेधशाळेत मॅस्केलाइन यांनी किनेब्रूक या मदतनिसाला काढलं, कारण दुर्बिणीतल्या तारेवरून तारा सरकल्याची वेळ तो त्यांच्यापेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिरा नोंदवायचा. पुढे बेसेल यांनी दाखवलं की असा फरक निरीक्षकानिरीक्षकांत असतोच. उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्राची सावली बघताना मला हटकून तो बिचारा आठवतो.

आता सुधारणा. पट्टीचा आकडा सरावाने थोडा उतरतो, मग अडतो. मज्जातंतू काही आपल्या हुकमावर पळत नाहीत. झोप मात्र लगेच दिसते. मी जागरणानंतर २६ सेंमीवर होते, नीट झोपल्यावर १९ वर. आणि खरा फायदा आधी ओळखण्यात आहे. चांगला फलंदाज चेंडू सुटायच्या आधीच गोलंदाजाचं मनगट वाचतो.

रस्त्यावर तर पट्टीचा आकडा नुसती सुरुवात. काय आलंय, कुठे वळायचं, ब्रेक दाबायचा का, हे ठरवण्यात सहज एक सेकंद जातो. ताशी ४० च्या वेगाला तेवढ्यात स्कूटर ११ मीटर पुढे जाते. म्हणून मी आता बसस्टँडपाशी बोटं ब्रेकवरच ठेवते, कडेच्या भाजीच्या गाड्यांकडे बघते (गाय तिथूनच निघते), आणि रात्रभर जागले असेन तर सरळ चालत जाते.