युद्धतळावरून डेटा सेंटरकडे

अफगाणिस्तानातल्या बगराम तळावर 2010 ते 2014 या काळात मी जनरेटर मेकॅनिक होतो. चिपळूण तालुक्यातल्या आमच्या गावात लोक मला अजूनही ‘मिलिटरीवाला’ म्हणतात. माझ्या अंगावर गणवेश कधीच नव्हता. तिथल्या अमेरिकन सैनिकांचा भटारखाना, लाँड्री आणि झोपायच्या प्लायवूडच्या बराकी ज्या विजेवर चालायच्या, ती तयार करणाऱ्या माणसांपैकी मी एक होतो. आता नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये विजेचा सगळा विभाग माझ्याकडे आहे. या दोन कामांमधलं अंतर कसं कापायचं हे सांगणारं कुणी परतलेल्या माणसाला भेटत नाही, म्हणून हा लेख.

आधी ही माणसं कोण, ते सांगतो. अमेरिकन लष्कर लढाईखेरीजची बरीच कामं खासगी कंपन्यांना देतं. स्वयंपाक, धुलाई, पाणी, वीज, इंधन, मैलापाण्याची गाडी, सगळंच. ‘लॉगकॅप’ नावाची ही योजना 1985 पासून आहे. इराक आणि अफगाणिस्तानात तिचा पसारा अफाट वाढला. अमेरिकन संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ऑगस्ट 2008 मध्ये दिलेल्या अहवालानुसार इराक आणि शेजारच्या देशांत मिळून किमान 1,90,000 कंत्राटी माणसं होती, म्हणजे जवळपास प्रत्येक सैनिकामागे एक. मोठं कंत्राट अमेरिकन कंपनीला मिळतं, ती दुबई किंवा कुवेतच्या उपकंत्राटदाराला काम देते, आणि तो एजंटांमार्फत भारत, नेपाळ, फिलिपिन्समधून माणसं उचलतो. कागदावर आम्हाला ‘टीसीएन’ म्हणत. अमेरिकेचेही नाही, अफगाणिस्तानचेही नाही, तिसऱ्याच देशाचे. त्यांत गोव्याचे स्वयंपाकी होते, सिंधुदुर्गातले वेल्डर होते आणि माझ्यासारखे आयटीआयवाले होते.

माझ्या एजंटने दीड लाख रुपये घेतले होते आणि त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. अशा भरतीला आळा घालण्यासाठी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी 25 सप्टेंबर 2012 रोजी आदेश काढला. अमेरिकन सरकारच्या कंत्राटदारांनी आणि त्यांच्या उपकंत्राटदारांनी कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत, पासपोर्ट काढून घ्यायचा नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आज कुणी अशा कामासाठी पैसे मागितले, तर ती मागणी त्या आदेशाच्या विरुद्ध आहे, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

हातातलं काम

बगराम काबूलच्या उत्तरेला, समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात धूळ, हिवाळ्यात बर्फ. हवा विरळ असल्यामुळे इंजिन पाटीवर लिहिलेली पूर्ण ताकद देत नाही. इंधन नेहमीचं डिझेल नव्हतं. विमानात, गाडीत आणि जनरेटरमध्ये एकच जेपी-8, केरोसीनच्या जातीचं. त्याला डिझेलइतकं वंगण नसतं, त्यामुळे फ्युएल पंप आणि इंजेक्टर लवकर झिजतात. त्यातच बरेचसे सेट गरजेपेक्षा मोठे. कमी लोडवर महिनोन्‌महिने चालले की न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साचतं आणि सांध्यांतून काळं तेल ओघळायला लागतं. मग लोड बँक लावून, म्हणजे कृत्रिम भार देऊन, सेट तापवायचा, ते सगळं जाळून काढायचं.

रात्री थंडी वाढली की हीटर लागायचे आणि लोड चढायचा. चालू सेटला दुसरा जोडावा लागे. दोन्हींचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी सारखी हवी, फेज जुळायला हवा. सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरत असतो. तो बाराच्या किंचित अलीकडे आला की ब्रेकर टाकायचा. बरोबर पडला तर इंजिनाचा आवाजसुद्धा बदलत नाही. चुकीच्या वेळी पडला तर काही लाखांचा अल्टरनेटर कामातून जातो. पहिले काही महिने माझ्यामागे एक फिलिपिनो फोरमन उभा राहायचा. पुढे मी नेपाळी आणि केरळी पोरांच्या मागे उभा राहू लागलो.

तिथली शिस्त कडक होती आणि त्याला कारण होतं. जानेवारी 2008 मध्ये बगदादमधल्या एका तळावर शॉवरखाली उभ्या असलेल्या अमेरिकन सैनिकाचा शॉक लागून मृत्यू झाला. पाण्याच्या पंपाला अर्थिंग नव्हतं. अमेरिकन संसदेत त्याची चौकशी झाली आणि इराकमधल्या तळांवरच्या इमारतींची वायरिंग तपासण्यासाठी खास पथक नेमलं गेलं. त्यानंतर अफगाणिस्तानात आलेल्या आम्हा लोकांना अर्थिंग मोजल्याशिवाय, ब्रेकरला स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग लावल्याशिवाय पॅनेलला हात लावायची परवानगी नव्हती. ती सवय माझ्या अंगात मुरली, आणि परतल्यावर नोकरी मिळाली ती तिच्याच जोरावर.

इथल्या नोकरीची भाषा

2014 च्या अखेरीस नाटोची लढाऊ मोहीम संपली. त्याआधीच माणसं कमी व्हायला लागली होती. भारतीय लष्करातून निवृत्त होणाऱ्या जवानासाठी पुनर्वसनाचे अभ्यासक्रम आहेत, जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे, पुण्याला माजी सैनिकांचं महामंडळ मेस्को आहे. कंत्राटी माणसाला विमानाचं तिकीट मिळतं आणि मुंबईच्या विमानतळाबाहेर पडल्यावर त्याच्या कामाची नोंद कुठेच राहत नाही.

माझा शेवटचा पगार महिन्याला 1,200 डॉलर होता, म्हणजे तेव्हाचे सत्तर हजारांच्या वर रुपये. डेटा सेंटरमधली पहिली नोकरी 26,000 ची. घरात कुरकुर झाली. बायकोने मात्र हिशेब मांडला. कंत्राट कधीही संपतं. इथे पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, मुलगा शाळेतून येतो तेव्हा बाप घरी असतो. तिने शांतपणे मांडलेला तो हिशेब मला पटला.

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज डेटा सेंटरच्या इमारतींची रांग आहे. देशातली सर्वांत मोठी डेटा सेंटरची वस्ती मुंबई आणि नवी मुंबईत आहे, कारण समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. आपला बँकेचा व्यवहार, रेल्वेचं तिकीट, दवाखान्याचे रिपोर्ट अशाच इमारतींतल्या सर्व्हरवर असतात. महावितरणची वीज गेली की यूपीएसच्या बॅटऱ्या काही मिनिटं भार पेलतात आणि तेवढ्यात जनरेटर सुरू होऊन, एकमेकांना जुळून भार घ्यावा लागतो. बगरामला जे हाताने करत होतो, ते इथे कंट्रोलर करतो. कंट्रोलर बिघडला की मात्र काटा वाचता येणारा माणूस लागतो.

आमच्याकडच्या भरतीत तांत्रिक मुलाखत मी घेतो. बगराम जुलै 2021 मध्ये रिकामा झाला, तेव्हापासून परतलेल्यांचे अर्ज येतच आहेत. गेल्या पावसाळ्यात कणकवलीकडचा एक जण आला. बायोडेटात एकच ओळ होती: ‘यूएस आर्मी बेस, सहा वर्षं.’

“काम काय करत होता?”

“साहेब, पॉवर जनरेशन.”

“सेट कुठले?”

“कॅटरपिलर. दीड मेगावॉटचे.”

“एका वेळी किती जोडून चालवलेत?”

“सहा. दोन स्टँडबाय.”

“ब्लॅकआउट झाला तर आधी काय करायचं?”

त्याने खिशातून पेन काढलं, माझ्याच कागदावर बसबार काढला, फीडर काढले आणि कुठला ब्रेकर आधी उघडायचा, कुठला सर्वांत शेवटी टाकायचा, ते क्रमाने लिहिलं. पदवीधर इंजिनिअर जिथे अडखळतात तिथे त्याचा हात थांबला नाही. मी म्हटलं, “दादा, हेच बायोडेटात लिहा. नाहीतर एचआरवाले तुम्हाला माझ्यापर्यंत पोचूच देणार नाहीत.” तो आज रात्रपाळीचा प्रमुख आहे.

कागद आत्ताच गोळा करा

जे आज कुवेत, कतार किंवा इराकच्या तळांवर आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. परतायच्या आधी कागद जमवा. तळावर फोटो काढायला बंदी असते, ओळखपत्र जाताना परत घेतात, आणि कंत्राट संपलं की उपकंत्राटदाराचं ऑफिस फोन उचलत नाही. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि अमेरिकन लष्कराचं ‘लेटर ऑफ ऑथरायझेशन’ यांच्या प्रती घरी असू द्या. त्या पत्रात तुमचं नाव, कंपनी आणि मुदत असते, त्यामुळे तिथे होतात याचा तो पक्का पुरावा आहे. युनिटच्या कमांडरने दिलेलं कौतुकाचं प्रशस्तिपत्रक भिंतीवर छान दिसतं. पण मशीनची क्षमता, केलेलं काम आणि तारखा लिहिलेलं सुपरवायझरचं साधं पत्र नोकरीसाठी जास्त उपयोगी पडतं.

इथे आल्यावर आपल्या कामाला इथला शिक्का मिळवा. वीजकामासाठी राज्य शासनाचा वायरमन किंवा सुपरवायझर परवाना लागतो. ज्यांच्याकडे आयटीआयही नाही, पण हात तयार आहे, त्यांच्यासाठी पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आधीचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवली गेली. स्वयंपाक्यांनी अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं. हजारो माणसांचा भटारखाना तापमानाच्या नोंदी ठेवून चालवलेला माणूस मोठ्या इस्पितळाला आणि विमानातलं जेवण बनवणाऱ्या कंपनीला हवा असतो.

दुखापत झाली असेल तर गप्प बसू नका. अमेरिकेचा 1941 चा ‘डिफेन्स बेस ॲक्ट’ अशा कंत्राटांवरच्या कोणत्याही देशाच्या कामगाराला लागू होतो. अपघाताची लेखी सूचना 30 दिवसांत आणि दावा साधारण वर्षभरात करायचा असतो. हळूहळू वाढणाऱ्या आजाराला मुदत जास्त मिळते. जनरेटरवाल्यांनी परतल्याबरोबर कान तपासून घ्यावेत. आणि बँकेत जाऊन एनआरई खातं निवासी खात्यात बदलून घ्यावं. कायमचं परतल्यावर ते तसंच चालू ठेवता येत नाही आणि व्याजावरची करसवलतही राहत नाही.

झोपेबद्दलही बोललं पाहिजे. सायरन वाजला की बंकरकडे धावायची सवय शरीरातून लवकर जात नाही. घरच्यांना वाटतं, माणूस चिडका झाला. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. माझ्या ओळखीतल्या दोघांना तिथे बोलून आधार मिळाला.

आता मागणी एकच. जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात परदेशातून, विशेषतः युद्धक्षेत्रातून परतलेल्या कामगारांसाठी एक टेबल असावं. तिथे त्यांच्या कामाची नोंद व्हावी, हाताची परीक्षा व्हावी आणि प्रमाणपत्र मिळावं. नवी मुंबईतल्या कंपन्या अनुभवी माणसं शोधत आहेत आणि ती माणसं कोकणात, गोव्यात रिक्षाच्या कर्जासाठी बँकेत रांगेत उभी आहेत. या दोघांची गाठ घालून द्यायला फार मोठी योजना लागणार नाही.