मुळं जमिनीतच राहू द्या

भातकापणीनंतर महिन्याभरात कोकणातल्या खाचरात जाऊन पाहा. माती टणक झालेली आणि बोटं आत जातील एवढ्या भेगा. चिखलणीत मातीच्या कणांची रवाळ बांधणी मोडते, आणि तो चिखल सुकला की त्यात हवेला वाट उरत नाही. मग वाल-हरभरा घ्यायचा तर पुन्हा नांगर आलाच.

रायगड जिल्ह्यातल्या नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी या चिखलणीलाच फाटा दिला. त्यांची 'एसआरटी', म्हणजे सगुणा राईस तंत्राची पद्धत, आता अनेकांना ऐकून माहीत आहे. राब भाजायचा नाही, चिखल करायचा नाही, आवणं लावायची नाहीत. गादीवाफे सुरुवातीला एकदाच करायचे, लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटर अंतरावर भोकं पाडायची आणि त्यांत भात टोकायचं. कापणीनंतर बुडखे उपटायचे नाहीत. रब्बीचं पीक त्याच वाफ्यांवर, नांगर न घालता.

मला यात सर्वांत मोलाची वाटतात ती मागे राहिलेली मुळं. ती जागच्या जागी कुजतात तेव्हा गांडुळांना खाद्य मिळतं आणि मुळांच्या पोकळ वाटांनी पाणी खोल मुरतं. नांगरटीने माती उघडी पडली की जिवाणूंना भरपूर हवा मिळते, सेंद्रिय कर्ब झपाट्याने जळतो. इथे तो बराचसा टिकतो. मुळांच्या सोबतीने जगणाऱ्या बुरशीचे धागेही तुटत नाहीत. या बुरशीशी जोडलेला ग्लोमलिन नावाचा चिकट पदार्थ 1996 मध्ये अमेरिकेत सारा राइट यांनी ओळखला. मातीचे कण धरून ठेवण्यात त्याचा वाटा मानला जातो.

हे घरी पाहता येतं. चिखलणीच्या शेतातलं एक सुकं ढेकूळ आणि बरीच वर्षं न नांगरलेल्या वाफ्यातलं एक, दोन्ही पाण्याच्या ग्लासांत अलगद सोडा. पहिलं बघता बघता विरघळतं, पाणी गढूळ होतं. दुसरं बराच वेळ आकार धरून राहतं. मुसळधार पावसात शेतावरही हेच घडतं.

तणाचा प्रश्न मात्र अवघड आहे. या पद्धतीत तणनाशक वापरतात, त्यात ग्लायफोसेटही येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. मातीतला जीव जपायचा आणि वर विष फवारायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. पेंढ्याचं आच्छादन, दाट पसरणारी कडधान्यं, तणाची वेळेवर कापणी हे उपाय आहेत. पण पेंढा गुरांनाही लागतो आणि कापणीला मजूर मिळत नाहीत. आज कृषी विद्यापीठांनी सगळ्यात आधी हात घालावा, तो या अडचणीला.