लंडनच्या पाहुण्यांना गाविलगड

लंडनला असलेल्या आमच्या वन्सं डिसेंबरात दोन्ही मुलांना घेऊन आल्या, तेव्हा त्यांना कुठं फिरवायचं यावर घरात आठ दिवस खल चालला. ह्यांच्या डोक्यात जयपूर-आग्रा. पण सासूबाईंना गाडीतली रात्र झेपत नाही, आणि चार वर्षांनी लेक आलेली असताना म्हातारीला घरी ठेवून आपण ताजमहाल बघायचा, हे काही मला पटेना. भाची तेरा वर्षांची, भाचा नऊचा. दोघांनी रोम, अथेन्स, फ्लॉरेन्स केव्हाच पालथं घातलेलं! त्यांच्यापुढे आपलं वऱ्हाड काय टिकणार, असं ह्यांचं म्हणणं. मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. म्हटलं, टिकतं की नाही ते बघूच. अचलपूर, गाविलगड आणि मुक्काम सेमाडोहला. मामंजी वनखात्यात होते तेव्हा वन्सं लहानपणी तीन वर्षं तिथं राहिलेल्या.

अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर, अचलपूर त्याला लागूनच. मैत्रिणींनो, बायकांच्या सोयीचं जे काही असेल ते परतवाड्यातच उरकून घ्या, पुढे पंचाईत होते. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर. १४९० ते १५७४ इथं इमादशाहीची राजधानी होती. तिचा संस्थापक फतेउल्ला हा मूळचा विजयनगरकडचा हिंदू मुलगा. लढाईत पकडला गेला आणि बहामनी दरबारात वाढून सरदार झाला. गावाबाहेरचा हौज कटोरा मुलांना फार आवडला. तळ्याच्या मधोमध अष्टकोनी, कमानींचा मनोरा. फ्लॉरेन्स ज्या काळात बहरलं त्याच सुमाराला आपल्याकडे सुलतान नांदत होते, हे ऐकून भाचीनं पहिल्यांदा कानातली वायर काढली. मी मनातल्या मनात एक मार्क घेतला!

घाट चढून चिखलदरा. भीमानं कीचकाला मारलं ते हेच, असं इकडची मंडळी सांगतात. इथं कॉफीही पिकते. पण आमचा खरा रोख होता गाविलगडावर. दिल्ली दरवाजावर हत्तींना पायांत धरलेला दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलाय. भाच्यानं हत्ती मोजले, दोनदा.

तिथंच मी मुलांना विचारलं, "वेलिंग्टन माहीत आहे का?" माहीत नसायला काय झालं! पावसाळी बुटांना त्यांच्याकडे त्याचंच नाव. सेंट पॉल्सच्या चर्चमध्ये त्याची समाधीही पाहिलेली. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो शूर सेनापती. मग मी सांगितलं, वॉटर्लू १८१५चं. त्याआधी बारा वर्षं, १५ डिसेंबर १८०३ला, हाच माणूस आर्थर वेलस्ली म्हणून ह्या गडाखाली उभा होता. गड नागपूरकर भोसल्यांचा, किल्लेदार बेनीसिंग. दक्षिणेकडे सरळसोट कडे, म्हणून स्टीव्हन्सनच्या फौजेनं तोफा डोंगरांतून ओढत उत्तरेच्या पठारावर आणल्या आणि तिकडून तट फोडला. आतल्या भिंतीला शिड्या लावून कॅप्टन कॅम्बेलचे शिपाई चढले. बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. म्हणजे आपलं वऱ्हाडच की!

भाची गप्प झाली. जरा वेळानं म्हणाली, "मामी, मग आपण कुणाच्या बाजूचे?"

मी वर्गात कधी अडत नाही, पण इथं लगेच उत्तर सुचलं नाही. इंग्रजांच्या फौजेतही मोठा भरणा इकडच्याच, मद्रासकडच्या शिपायांचा होता, तेही सांगावं लागलं. वन्संनी तोंड फिरवलं. मुलं कुठली म्हणायची, हा प्रश्न त्यांच्या घरात नवा नसावा. शेवटी दरवाजापाशी शाल पांघरून बसलेल्या सासूबाईच म्हणाल्या, "अगं, तू माझ्या बाजूची. चल, हात दे उठायला."

संध्याकाळी सेमाडोह गाठलं. अंधारायच्या आत पोचाल असंच निघा. मेळघाटचं जंगल आहे, रस्त्यात जनावरं येतात. मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी, ऐनवेळी खोली मिळत नाही. थंडी म्हणाल तर कडाक्याची, मोजे-कानटोप्या विसरू नका. शेजारून सिपना वाहते. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. वन्संना नदीकाठची वाट अजून आठवत होती. क्वार्टर मात्र ओळखू आलं नाही. जेवण करणाऱ्या मावशींनी "पोरायले तिखट चालते काय?" असं विचारलं, तर वन्संच पोरांआधी म्हणाल्या, "मले चालते!" इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून वऱ्हाडी ऐकून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी धारणीवरून बऱ्हाणपूरला जायचं ठरलेलं. १६३१ मध्ये मुमताजमहल गेली ती तिथंच, तिचं पहिलं दफनही तिथलं. आणि शाही किल्ल्यातल्या हमामखान्याच्या छतावर रंगीत नक्षी आहे. ताजमहाल नाही तर निदान त्याची सुरुवात तरी मुलांना दाखवू, असा माझा हिशेब. पहाटे पाचला आम्ही निघालो, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. वन्सं मात्र आल्या नाहीत. "तुम्ही जा, मी आईजवळ थांबते," म्हणाल्या.

दिवेलागणीला परतलो तेव्हा दोघी पडवीत एकाच घोंगडीत बसलेल्या. सासूबाई लेकीच्या केसांना तेल लावत होत्या.