परिचारिकेनें विभाग बदलावा काय?

अतिदक्षता विभागांत दहा वर्षें काढलेली एक परिचारिका घटकाभर डोळ्यांसमोर आणावी. घरीं तीन वर्षांचें मूल आहे, सासूबाई थकल्या आहेत आणि रातपाळी कांहीं चुकत नाहीं. अशा वेळीं नवजात अर्भकांच्या विभागांत, डायलिसिसकडे किंवा बाह्यरुग्ण विभागांत जावें, असा विचार तिच्या मनांत येतो. तो कष्टाला भिऊन आला असें समजणें अन्यायाचें होय. परंतु केवळ थकव्याच्या भरांत निर्णय करणेंहि हितावह नव्हे.

प्रथम ध्यानांत घ्यावयाचें तें असें कीं, परिचर्येंतील कौशल्य बरेंचसें विभागाशीं बांधलेलें असतें. अमेरिकेंतील परिचर्याशास्त्रज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत या कौशल्याच्या पांच पायऱ्या वर्णिल्या. पहिली नवशिकीची आणि शेवटची तज्ज्ञाची. एका विभागांतील तज्ज्ञ परिचारिका अगदीं अपरिचित विभागांत गेली, तर ती पुन्हां नवशिकी ठरूं शकते. आणि मधल्या, सक्षमतेच्या पायरीला पोंचावयास साधारणतः दोन-तीन वर्षें लागतात. प्रौढ रुग्णाची अवस्था नजरेनें ओळखणारी परिचारिका, दीड किलो वजनाच्या अर्भकाची औषधमात्रा मोजतांना प्रथम चाचरते. यांत कमीपणा नाहीं. पण घरीं अपुरी झोप आणि कामावर पुन्हां विद्यार्थिदशा, हें दुहेरी ओझें पेलेल काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. बाह्यरुग्ण विभागाचें काम बहुधा दिवसाचें असतें. शस्त्रक्रियागृहांत ठरलेल्या शस्त्रक्रिया दिवसां होतात, पण तातडीचें बोलावणें रात्रींहि येतें. डायलिसिसची एक खेप सुमारें चार तासांची; म्हणून पुष्कळ ठिकाणीं पहिली पाळी भल्या सकाळीं सुरू होते, आणि मुलाच्या शाळेची तयारी दुसऱ्या कोणावर येऊन पडते. नवजात विभाग तर अहोरात्र जागा असतो.

तिसरी गोष्ट खर्चाची. भारतीय परिचर्या परिषदेच्या विशेष शाखांच्या पदविकेस एक वर्ष द्यावें लागतें. त्या वर्षांत पगार चालू राहील काय, रातपाळीचा भत्ता असल्यास तो सुटेल काय, याचा हिशोब कागदावर मांडावा. २०१७ सालच्या कायदेदुरुस्तीनें पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी घातली. ती सोय प्रत्यक्षांत आहे काय, हेंहि विचारावें.

या सर्वांच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे: जाच कामाचा आहे कीं वेळेचा? वेळेचा असेल, तर अधिसेविकेकडे प्रथम पाळी बदलून मागावी. त्यासाठीं दहा वर्षांची विद्या बाजूला ठेवण्याचें कारण नाहीं. जाच कामाचाच असेल, रोजच्या मृत्युदर्शनानें मन बधिर होत असेल, तर बदल अवश्य करावा. मात्र त्याआधीं नव्या विभागांत चार दिवस उभें राहून काम पाहावें, आणि परत येण्याची वाट खुली आहे काय, हें विचारून ठेवावें.

आणि हा निर्णय तिनें एकटीनें वाहावयाचा नाहीं. मुलाला सकाळीं शाळेंत कोण पोंचवील, या प्रश्नाचें उत्तर पतीनेंहि द्यावयाचें असतें. पुष्कळदां तें उत्तर मिळालें, कीं विभाग बदलण्याची गरजच उरत नाहीं.